न मावलेले एकेचाळीस

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! खोली एका कुलूपदुरुस्तीच्या दुकानाच्या वर आहे. जिना इतका अरुंद की आधी ट्रंक आणि मग मी, अशा दोन फेऱ्या कराव्या लागल्या. पण खिडकी मोठी आहे, टेबल डुगडुगत नाही, आणि घरमालकीणबाईंनी फक्त एकच चौकशी केली, की मी शिट्टी वाजवते का. नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आधीचा भाडेकरू सकाळ-संध्याकाळ वाजवायचा म्हणे.

उद्यापासून नोकरी. गाड्यांच्या बॅटऱ्या करणारा कारखाना आहे, त्याच्या नोंदकक्षात मी संगणक सहायक. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा गवंडी, आई शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करते. निघताना बाबा म्हणाले की मी जन्मभर लोकांच्या भिंती ओळंब्यात आणल्या, आता तू तिकडे जाऊन जे वाकडं दिसेल ते सरळ कर. आईने लगेच टोकलं, की पहिल्याच दिवशी कुणाला सरळ करायला जाऊ नकोस, आधी हजेरीपटावर नाव तरी चढू दे.

मी दोघांचंही ऐकणार आहे. आधी आईचं, मग बाबांचं.

४ मार्च, मंगळवार

नोंदकक्षात आम्ही तिघं. मी, काका आणि म्हातारा.

काका म्हणजे कारकून. निवृत्तीला सात महिने राहिलेत आणि ते रोज सकाळी कॅलेंडरवर एक काट मारतात. म्हातारा म्हणजे संगणक. पिवळा पडलाय, पंख्याला दम्याची धाप आहे, आणि आतली हार्ड डिस्क फिरायला लागली की दाढेखाली खडा यावा तसा आवाज येतो. टक्-टक्, घर्र. टक्-टक्, घर्र. काकांना विचारलं की हा असाच वाजतो का, तर म्हणाले की म्हातारी माणसं बोलायची बंद झाली की काळजी करायची, बोलतायत तोवर नाही.

पण मला काळजी वाटली. कारण कारखान्यातल्या नऊशे लोकांचा हिशेब त्या एका डिस्कवर आहे, आणि हा हिशेब रक्ताचा आहे. बॅटरीत शिसं असतं. ते श्वासातून अंगात जातं. म्हणून दर महिन्याला प्रत्येक कामगाराचं रक्त तपासतात आणि शिशाचा आकडा म्हाताऱ्यात चढवतात. आकडा चाळिसाच्या वर गेला की त्या माणसाला त्या कामावरून हलवायचं, असा नियम. हा प्रोग्रॅम लिहिणारा कधीच वारला आणि नव्या संगणकावर तो चालत नाही. फोन-कॅमेरे फाटकावरच जमा करावे लागतात आणि छपाईला साहेबांचा पासवर्ड लागतो. म्हणजे जे आहे ते म्हाताऱ्याच्या पोटात.

प्रोग्रॅमची एक खोड मला आवडली. कुठलीही नोंद नुसती उघडली तरी तो तिच्या खाली एक ओळ जोडतो, कोणी उघडली, केव्हा उघडली. गुपचूप वाचायची सोयच नाही. ज्याने लिहिला तो सरळ माणूस असणार.

६ मार्च, गुरुवार

साहेबांना भेटले. आमचे विभागप्रमुख. हळू बोलतात, बोलता बोलता चष्मा पुसतात. मी त्यांना सांगितलं की डिस्क आज ना उद्या जाणार, आणि तसली जुनी डिस्क आता बाजारात मिळत नाही. पण कॅमेऱ्यात घालतात ना, तसलं मेमरी कार्ड एका छोट्या जोडपट्टीवर बसवून डिस्कच्या जागी लावता येतं. म्हाताऱ्याला कळतही नाही, त्याला ती डिस्कच वाटते. फिरणारं काही नाही, झिजणारा काटा नाही, आवाज नाही. कॉलेजात आम्ही भंगारातले सहा संगणक असेच उठवले होते.

साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की नवा संगणक मागितला तर मंजुरीत वर्ष जाईल, करा तुमची करामत. काका कार्डाचं चित्र बघून म्हणाले, मूर्ती लहान पण कीर्ती महान, बघू या.

भांडारात मागणीचिठ्ठी दिली.

१० मार्च, सोमवार

झालं!

सकाळी भांडारातून कार्ड आलं. काडेपेटीहून लहान. म्हाताऱ्याचं झाकण काढलं, बोटभर धूळ झाडली, चपट्या केबलला डिस्क आणि कार्ड शेजारी शेजारी जोडलं आणि डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जशीच्या तशी उतरवायला लावली. साडेपाच तास. काका दर तासाला येऊन विचारायचे, की बाळंतीण कशी आहे.

दुपारी नव्वद टक्क्यांच्या पुढे डिस्क ओरडायला लागली. खडा नाही, आता काचेवर खिळा. मी टेबलाची कड धरून उभी होते आणि मनात नुसतं म्हणत होते, ये, सगळे या, कोणी मागे राहू नका. असं का म्हणाले माहीत नाही. शेवटी पडद्यावर शंभर टक्के आले आणि त्याच क्षणी डिस्क कायमची थांबली. पुन्हा फिरलीच नाही.

कार्डावर म्हातारा चालू केला. चार सेकंदांत जागा! आणि आवाज शून्य. काकांनी कान लावून बघितलं आणि म्हणाले की आता याच्या नाकाशी सूत धरायला हवं.

घरी फोन केला. बाबांना काही कळलं नाही पण तीनदा शाबास म्हणाले.

१२ मार्च, बुधवार

आज एक विलक्षण गोष्ट झाली.

डिस्कचा शेवटचा भाग कित्येक वर्षं वाचता येत नव्हता. काकांनी त्यावर काटच मारली होती. आज सहज बघितलं तर तिथली नोंदवही उघडली. 'जुनी भट्टी'. शिसं वितळवायचा विभाग, अकरा वर्षांपूर्वी बंद झाला. एकेचाळीस माणसं.

तेवढ्यात मावशी चहाची गाडी घेऊन आल्या. इथे सगळे त्यांना मावशीच म्हणतात. पडद्यावर भट्टीचं नाव बघून त्यांच्या हातातला कप कलंडला. त्यांचे मालक त्याच भट्टीवर होते. हातपाय लुळे पडून गेले. कारखान्याने त्यांच्या घरी, आणि बाकीच्या चाळिसांच्याही घरी, लिहून दिलं की दारूने गेले. मावशी म्हणाल्या की ते औषधाचा चमचासुद्धा नाक दाबून घ्यायचे, दारू कुठली.

त्यांची नोंद सर्वांत शेवटची, एकेचाळिसावी. उघडली. अडतीस. चव्वेचाळीस. बावन्न. एकसष्ट. सत्तर. महिन्यामागून महिने. चाळिसाला थांबवायचं होतं, कोणी थांबवलं नाही. आणखी दोन-चार उघडल्या, त्यांचंही तेच.

मावशींनी कामगार खात्याकडे दावा लावलाय. इतकी वर्षं कारखान्याचं एकच उत्तर, नोंदी नष्ट झाल्या. २८ तारखेला खात्याच्या अधिकारी शेवटची तपासणी करायला याच खोलीत येणार आहेत. त्या दिवशी नोंदी दिसल्या नाहीत तर दावा बंद. मावशींचा आणि बाकीच्या चाळीस घरांचाही.

मी म्हटलं, दिसतील. मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरा चहा देऊन गेल्या.

१३ मार्च, गुरुवार

आईचा फोन. बोलता बोलता म्हणाली, तुझ्या निकालाच्या दिवशी बाबा कसे चुन्याने माखलेलेच कॉलेजात आले होते आणि प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली होती, आठवतं ना. मी हो म्हटलं.

आठवत नाही. प्रयत्न केला. निकालाची तारीख माहीत आहे, गुण माहीत आहेत. तो दिवस नाही. आणि आठवायला गेले की उजव्या कानाच्या मागे, आत, बारीक आवाज आला. टक्-टक्, घर्र.

प्रवासाचा शीण असेल.

१५ मार्च, शनिवार

साहेबांना भट्टीच्या नोंदी सापडल्याचं मी मोठ्या हौसेने सांगितलं होतं. आज त्यांनी काकांना त्या उघडायला सांगितल्या. मी तेव्हा खाली प्रयोगशाळेत होते. काकांनी सांगितलं की बाकी नऊशे उघडतात पण भट्टीच्या जागी पडदा कोरा. मी वर आले, खुर्चीत बसले, उघडल्या. मी जिन्यापर्यंत गेले, काकांनी उघडल्या, कोरा. मी परत आले, आकडे.

असं चार वेळा. काका पहिल्यांदा हसले, चौथ्यांदा नाही. म्हणाले की म्हाताऱ्याचा तुझ्यावर जीव जडलेला दिसतो.

आज घरमालकीणबाईंनी विचारलं, की ट्रंक कोणी वर आणून दिली. मी म्हटलं, आठवत नाही. वही उलटून बघितली. मीच आणली होती. दोन फेऱ्यांत.

१७ मार्च, सोमवार

भांडारातून पावती आली. त्यावर कार्डाचा आकार लिहिलाय: ५१२ एमबी. डिस्क ५४० ची होती.

मी एक हजाराचं कार्ड मागितलं होतं. त्यांनी हाताला लागलं ते दिलं आणि मी उत्साहाच्या भरात कार्डावरचा आकडा वाचलाच नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात, की आधी जागा मोज.

दोन लिटरच्या भांड्यातलं दूध पावणेदोन लिटरच्या भांड्यात ओतलं, आणि एक थेंब सांडला नाही. सांगा, उरलेलं कुठे गेलं?

बाजारातून मोठं कार्ड आणलं, त्यावर सगळं पुन्हा उतरवलं. नऊशे नोंदी आल्या, भट्टीच्या एकेचाळीस नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्या कार्डात नाहीतच. नव्हत्याच कधी.

मग मी डोळे मिटले आणि कधीही न उघडलेली नोंद मनात आणली. भट्टीवरचा उंच, तिरळा, तेरावा. एकोणचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठावन्न. डोळे उघडून पडद्यावर बघितलं.

एकोणचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठावन्न.

१८ मार्च, मंगळवार

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की हे शिसं आहे, भट्टीची धूळ अजून भिंतींत आहे, शिसं माणसाला विसरायला लावतं. मी रक्त तपासून घेतलं. आकडा सहा. नवीन माणसाला असतो तेवढाच. आणि शिसं विसरायला लावत असेल, पण मोजून घेत नाही. हे मोजून घेतं.

कसं ते आज कळलं. नोंद उघडली की प्रोग्रॅम तिच्या खाली एक ओळ जोडतो. त्या ओळीला जागा लागते. नोंद जिथे बसली असेल तिथेच ती ओळ बसते. नोंद माझ्यात बसली आहे. म्हणून एकदा उघडली की माझं एक काहीतरी जातं. तिरळ्याची नोंद उघडली तेव्हा आमच्या घराचा रंग गेला. दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे माहीत आहे. रंग नाही.

एका माणसाच्या दोन नोंदी होत्या, एक चुकून दुबार चढवलेली. ती दुबार पुसून बघितली. आणि धाडकन निकालाचा दिवस परत आला! चुन्याने भरलेले बाबा, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, खुर्ची मळेल म्हणून. मी खोलीत एकटी रडले.

म्हणजे पुसलं की परत मिळतं.

एकेचाळीस पुसले की सगळं परत मिळेल.

हे वाक्य मी लिहिलं, पण तसं करणार नाही. दुबार होती म्हणून पुसली. बाकी कोणी दुबार नाही.

२० मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. चष्मा पुसत म्हणाले की भट्टीच्या नोंदी अधूनमधून कोऱ्या दिसतात, म्हणजे त्या बिघडलेल्या आहेत, बिघडलेली माहिती अधिकाऱ्यांपुढे ठेवणं बेजबाबदारपणाचं ठरेल, तेव्हा त्या पुसून टाका. मी म्हटलं, मी समोर असले की दिसतात. त्यावर म्हणाले, मग तुम्ही समोर नसलात तर बरं.

मी छपाईचा पासवर्ड मागितला. ते हसले. मी म्हटलं, मग हाताने उतरवून देते. म्हणाले की तुमच्या अक्षरातले आकडे हा पुरावा नाही, तुमचं अक्षर आहे फक्त. हे मात्र खरं आहे. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर बघायला हवं.

म्हणजे त्या दिवशी एकेचाळीस वेळा उघडायचं. माझ्याकडच्या एकेचाळीस गोष्टी.

संध्याकाळी लेखी आदेश आला. मी लेखी उत्तर दिलं: आदेश वाचला. पुसणार नाही. खाली सही आणि सहीखाली पदवी. पहिल्यांदाच लिहिली नावापुढे. छान दिसली.

२२ मार्च, शनिवार

न उघडताही जातंय थोडं थोडं. बहुतेक साहेब उघडून बघतात, माझ्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, त्यांच्या खोलीतल्या म्हाताऱ्याच्या दुसऱ्या पडद्यावर. मी खोलीत असताना.

आज कामावरून निघाले आणि चौकात उभी राहिले. दोन्हीकडे रस्ता. कुठला माझा? एका न्हाव्याला विचारलं की कुलूपवाल्याचं दुकान कुठे. तो म्हणाला, ताई, रोज तर इथूनच जाता.

हातावर पत्ता लिहून ठेवलाय. आता हरवून दाखव.

२३ मार्च, रविवार

मी ठरवलंय. तो घेणारच असेल तर काय घ्यायचं ते मी सांगणार.

कोणाला सांगणार, माहीत नाही. म्हाताऱ्याला? कार्डाला? त्या एकेचाळिसांना? त्यांच्यावर माझा राग नाही. बंद डिस्कमध्ये अकरा वर्षं घुसमटले होते. मीच म्हटलं, या, कोणी मागे राहू नका. बोलावलं तर आले. आता पाहुण्यांना हाकलू?

पण जागा माझी आहे. कोणी कुठे बसायचं, मी ठरवणार.

२४ मार्च, सोमवार

प्रयोग केला. उंचाच्या शेजारचा, बुटका, चौदावा. उघडण्याआधी मनात आत्याचे टोमणे पुढे केले. पोरीला शिकवून काय दिवे लावणार, गवंड्याची लेक ती गवंड्याच्याच घरी जायची. सगळे, लहानपणापासूनचे. म्हटलं, हे घे, खुशाल घे!

घेतले. पण पुरले नाहीत. टोमण्यांना वजनच नाही. मग इतकी वर्षं मी काय वाहत होते?

वर आणखी पोहणं गेलं. ते मोठं होतं.

पण सांगून देता येतं. हे कळलं. आता यादी करते. एकेचाळीस. स्वस्तातलं आधी.

२५ मार्च, मंगळवार

यादी मागच्या पानावर आहे. एकोणचाळीसच जमल्या. पाढे. शाळेच्या वर्गातल्या मुलींची नावं. सायकल. सगळी गाणी, एक एक सुटं धरलं तर तेरा होतात. ज्याने नकार दिला तो मुलगा – याला तर मी आनंदाने देईन. कॉलेजचे रस्ते. आजोबा. नाही, आजोबा शेवटाकडे.

काकांनी यादी बघितली. मग म्हणाले, माझं काही चालणार असेल तर घे की पोरी, माझ्याकडे चाळीस वर्षांच्या फायली आहेत, सगळ्या निरुपयोगी. मी हसले. ते हसत नव्हते.

कॅलेंडरवर आज त्यांनी काट मारली नाही.

२६ मार्च, बुधवार

साहेबांनी कार्ड मागितलं. स्वतः साफ करणार म्हणाले. मी म्हटलं, म्हाताऱ्यातच आहे, घ्या. त्यांनी झाकण उघडलं. नव्हतं.

माझ्या मोज्यात होतं. काका खिडकीबाहेर बघत उभे होते, खांदे हलत होते हसून.

तेव्हा साहेब पहिल्यांदा मोठ्याने बोलले. मग लगेच हळू. मला काय होतंय ते त्यांना दिसतंय, म्हणाले. काल मी त्यांनाच दोनदा विचारलं म्हणे, की तुम्ही कोण. म्हणाले की त्या लोकांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांच्यासाठी तू का संपतेस, एक बटण दाब आणि घरी जा, तुला तुझं सगळं मिळेल.

खरं आहे ते. मला ठाऊक आहे, त्यांच्याहून जास्त. दुबार नोंद पुसली तेव्हा खुर्चीच्या कडेला टेकलेले बाबा मिळाले होते.

पण मग चाळीस घरं दारुड्यांची राहतील. एकेचाळीस.

मी नाही म्हटलं. आवाज चढला नाही. फक्त कानामागे – टक्-टक्, घर्र – सारखं. आता थांबतच नाही. कार्डाला आवाज नसतो. हा माझाच.

२७ मार्च

फोन आला. बाई रडत होती. आई म्हणाली ती स्वतःला. मी म्हटलं, हो आई. आवाज ओळखला नाही, पण हो म्हटलं. तिला का दुखवू. म्हणाली, ये परत, बाबा न्यायला येतात. मी म्हटलं, परवा. उद्या काम आहे.

वहीत पहिलं पान वाचलं. आईचं ऐकायचं होतं आधी, मग बाबांचं. हजेरीपटावर नाव चढलं आहे. म्हणजे आता बाबांचं.

मोज्यात कार्ड. हातावर पत्ता. दाराला कडी.

२८ मार्च. सकाळ

आले. कार्ड लावलं. म्हातारा जागा झाला.

अधिकारी बाई आल्या. जाड वही, शिक्का, सोबत त्यांचा लेखनिक. बाई म्हणाल्या, माझ्या डोळ्यांसमोर उघडेल तेवढंच धरणार. मी म्हटलं, तेवढंच दाखवणार.

साहेब खिडकीशी. काका दाराशी, दार धरून. मावशी माझ्याजवळ. माझ्या हातावर हात.

नोंद उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात लिहिते.

एक ते नऊ झाल्या. पाढे गेले. मुली गेल्या. सायकल गेली. बाई लिहितात, लेखनिक पडताळतो, शिक्का. ठक्.

दहा ते बावीस. गाणी. एक एक. शेवटचं गुणगुणत होते – मध्येच –

तेवीस. तो मुलगा गेला. बरं झालं.

साहेब म्हणतात मुलीची तब्येत बघा, थांबवा. बाई म्हणतात, मुलगी थांबवते का? मी म्हटलं नाही. पुढची.

तीस. यादी बघून देते. यादीत लिहिलंय ते काय, कळत नाही. नुसतं बोट ठेवते. हे घे.

पस्तीस. आजोबा लिहिलं होतं. कोणाचे?

छत्तीस. सदतीस. समोरच्या खुर्चीत कोणीतरी बसलंय. उंच. तिरळा. बाकीचे भिंतीला टेकून. कोणी काही मागत नाही. बघतात फक्त. आपला आकडा वाचला की मान हलवतात आणि – जातात.

तिरळ्याच्या जागी भिंत. कोरी.

अडतीस. एकोणचाळीस. यादी संपली.

चाळीस. हातावर काही लिहिलं होतं. पत्ता असावा. जाऊ दे.

आता एकच. एकेचाळीस. मावशींचे मालक. भिंतीशी ते एकटेच. पाय लुळे, पण उभे आहेत.

साहेब म्हणाले चाळीस पुरे झाल्या, काय फरक पडतो. बाई म्हणाल्या, जी दिसत नाही ती धरता येणार नाही. मावशींनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला. म्हणाल्या, राहू दे बाळा. माझ्या एकटीचं राहू दे.

नाही राहू देणार.

माझ्याजवळ काय आहे. शोधते. नाव – नाही. घर नाही. एक आहे. हे. लिहिणं. हात चालतोय, अक्षर उमटतंय. मोठं आहे, खूप वर्षांचं, जड. पुरेल.

घे. उघड.

उघडली.

बाई लिहितात. मीही लिहिते, जमेल तोवर. मी थांबले तरी त्या लिहितील. त्यांची लेखणी चालू आहे, दिसतंय मला.

अडतीस. चव्वेचाळीस. बावन्न. एकस